फिट आली तेव्हा मेंदूचं वय काय होतं?

१९८७ सालच्या नोव्हेंबर-डिसेंबरात कॅनडातल्या डॉक्टरांपुढे एक कोडं येऊन पडलं. प्रिन्स एडवर्ड बेटावरून आलेले शिंपले खाऊन लोक आजारी पडत होते. आपल्याकडे कोकणात शिनाणे म्हणतात, त्याच जातकुळीतले हे शिंपले. आधी उलट्या-जुलाब झाले, त्यात नवल नव्हतं. पण मग काहींना फिट येऊ लागल्या, काही बेशुद्ध पडले, आणि शुद्धीवर आल्यावर त्यांच्या लक्षात नवीन काही राहीना. शंभराहून जास्त माणसं आजारी झाली, काही दगावली. स्मरणशक्ती गेलेल्यांत वयस्कर माणसांचा भरणा होता.

कारण लवकरच सापडलं. शिंपल्यांनी गिळलेल्या सूक्ष्म समुद्री शैवालात डोमोइक ॲसिड होतं. मेंदूत एका पेशीकडून दुसरीला ‘पेटव’ असा निरोप देणारं ग्लुटामेट नावाचं रसायन असतं. डोमोइक ॲसिड त्याच्याच जागी जाऊन बसतं आणि उठायचं नाव घेत नाही.

या साथीतल्या ८४ वर्षांच्या एका गृहस्थांची हकीकत पुढे वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर छापून आली. शिंपले खाल्ल्यावर त्यांना गोंधळल्यासारखं झालं, मग ते कोमात गेले आणि जवळजवळ तीन आठवडे त्यांच्या फिट आटोक्यात येत नव्हत्या. त्यातून ते वाचले, पण स्मरणशक्ती अधू झाली ती झालीच. वर्षभर फिट नव्हत्या. नंतर पुन्हा सुरू झाल्या, यावेळी विष नसताना, आपल्या आपण. तीनेक वर्षांनी न्यूमोनियाने त्यांचं निधन झालं. शवविच्छेदनात दिसलं की दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या होत्या. हिप्पोकॅम्पस म्हणजे कानशिलामागे, मेंदूच्या आतल्या घडीत असलेला भाग. नव्या आठवणी तिथे तयार होतात. जर्मनीत विल्हेल्म सोमर यांनी १८८० मध्येच अपस्माराच्या, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजाराच्या, रुग्णांच्या मेंदूंत नेमका हाच भाग झिजलेला असतो, असं लिहून ठेवलं होतं. शंभर वर्षांनी एका माणसात ती झीज सुरुवातीपासून शेवटपर्यंत कागदोपत्री नोंदली गेली.

पण पेशी मेल्या त्या विषाने की फिटने? या एका रुग्णावरून ते सांगता येत नाही. त्याचं उत्तर लंडनमध्ये ब्रायन मेल्ड्रम यांनी १९७३ च्या सुमारास बबून माकडांवर केलेल्या प्रयोगांनी बरंचसं दिलं होतं. औषध देऊन माकडांमध्ये फिट सुरू केली आणि ती तास-दीड तासाच्या पुढे चालू दिली, तेव्हा मेंदूत पेशी मेलेल्या आढळल्या. आक्षेप असा की फिटमध्ये ताप चढतो, श्वास अडखळतो, रक्तदाब घसरतो. इजा त्याने होत असेल. म्हणून काही माकडांचे स्नायू औषधाने लुळे केले, त्यांना कृत्रिम श्वासावर ठेवलं. आता अंगाला झटका नाही, प्राणवायू कमी पडत नाही, फक्त मेंदूतली विजेची धुमश्चक्री चालू. इजा कमी झाली, पण हिप्पोकॅम्पसमध्ये ती झालीच. पेशी सतत पेटत राहिली की तिच्यात कॅल्शियमचा लोंढा शिरतो, आणि तो तिला आतून संपवतो.

इथे लगेच एक गोष्ट सांगून टाकायला हवी, नाहीतर वाचणाऱ्यातल्या कुणाला तरी उगाच धसका बसेल. प्रौढ माणसाला आलेली दोन-तीन मिनिटांची फिट म्हणजे मेंदूचा तुकडा गेला, असं नाही. एक फिट पुढच्या फिटला जन्म देते, हा विचार १८८१ मध्ये विल्यम गॉवर्स यांनी मांडला आणि तो शंभर वर्षं ठाण मांडून बसला. पुढे २००५ मध्ये ब्रिटनमधून एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. पहिल्या किंवा सुरुवातीच्या एक-दोन फिटनंतर लगेच गोळी सुरू केलेले आणि थांबून पाहिलेले, यांची तुलना होती. जवळच्या काळात गोळीने फिट कमी झाल्या. पण पाच वर्षांनी दोन्ही गट जवळपास एकाच जागी होते. मोठ्या माणसाचा मेंदू धोक्यात येतो तो अर्ध्या तासाच्या पुढे लांबलेल्या फिटने, नाहीतर वर्षानुवर्षं आटोक्यात न आलेल्या आजाराने.

आता लहानांकडे येऊ.

डोमोइक ॲसिडचं एक भावंड आहे, केनिक ॲसिड. तेही समुद्री शैवालातलंच; जपानात त्या शैवालाचा काढा पोटातल्या जंतांवर देत असत, आणि १९५३ मध्ये तिथेच ते वेगळं काढण्यात आलं. मोठ्या उंदराला ते टोचलं की तासन्‌तास फिट येतात, हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी मरतात आणि काही आठवड्यांनी त्याला आपोआप फिट यायला लागतात. म्हणजे त्या ८४ वर्षांच्या गृहस्थांची सबंध कहाणी, उंदरात. १९८४ च्या सुमारास संशोधकांनी हेच औषध दोन आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना देऊन पाहिलं. अपेक्षा साहजिक होती: कोवळा मेंदू, जास्त नासाडी. घडलं उलटंच. पिल्लांना फिट यायला औषध कमी लागलं, फिट भयंकर आल्या, काही पिल्लं त्यात मेलीसुद्धा. पण जी जगली त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये पेशी जागच्या जागी होत्या. (वेगळी औषधं वापरून केलेल्या काही प्रयोगांत दोन आठवड्यांच्या पिल्लांतही पेशी मेल्या, त्यामुळे हे अभयपत्र सरसकट नाही.)

या निकालाने बराच काळ एक सोयीस्कर समज रुजला: लहान मेंदू चिवट असतो, फिट पचवतो. मला हा समज अर्धवट सत्याचा उत्तम नमुना वाटतो. पेशी मोजल्या तर तो खरा आहे. पण पेशी शाबूत असणं आणि मेंदू चांगला चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मोजायला कुणीतरी त्या पिल्लांना मोठं होऊ देऊन शाळेत बसवायला हवं होतं.

ती शाळा म्हणजे पाण्याचा हौद. रिचर्ड मॉरिस यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही परीक्षा तयार केली. गोल हौदात पाणी भरायचं, ते गढूळ पांढरं करायचं आणि पृष्ठभागाच्या किंचित खाली एक छोटं व्यासपीठ ठेवायचं. उंदराला ते दिसत नाही. त्याला पोहता येतं, पण पोहणं आवडत नाही. पहिल्या दिवशी तो कडेकडेने गरगर फिरतो, आणि कधीतरी पाय व्यासपीठाला लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भिंतीवरच्या खुणा पाहून त्याला जागेचा अंदाज येतो, आणि आठवड्याभरात तो कुठूनही सोडला तरी सरळ तिकडे जातो. हे काम हिप्पोकॅम्पसचं.

अमेरिकेत ग्रेगरी होम्स आणि सहकाऱ्यांनी नवजात पिल्लांना जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत रोज अनेकदा छोट्या छोट्या फिट आणवल्या आणि मग त्यांना नुसतं वाढू दिलं. बाहेरून पाहणाऱ्याला ते धडधाकट उंदीर होते. पेशी कमी झालेल्या नव्हत्या. पण हौदात सोडल्यावर त्यांना व्यासपीठ शिकायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागे. फिट आणणारं औषध दिलं तर ते लवकर बळी पडत. आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं ते असं की पेशी असल्या तरी त्यांचे तंतू जिथे जायला नकोत तिथे फुटून गेले होते. पुढच्या काही प्रयोगांत हिप्पोकॅम्पसमधल्या जागा ओळखणाऱ्या पेशींची वीज मोजली. निरोगी उंदरात अशी एकेक पेशी ठरावीक कोपऱ्यात गेल्यावरच बोलते, आणि उद्याही त्याच कोपऱ्यात बोलते. लहानपणी फिट येऊन गेलेल्या उंदरांत हा नकाशा पुसट आणि अस्थिर होता.

मोठ्याचं नुकसान मोजता येतं, कारण असलेलं जातं. लहानाचं यायचं असतं ते येत नाही. न आलेली गोष्ट एमआरआयवर दिसत नाही.

कोवळ्या मेंदूला फिट इतक्या सहज का येतात, याचं उत्तर त्याच्या बांधणीतच आहे. प्रौढ मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं. ते पोचलं की पेशीत ऋणभारित क्लोराईड शिरतं आणि पेशी शांत होते. पॅरिसमध्ये येहेज्केल बेन-आरी यांनी १९८९ मध्ये नवजात उंदरांच्या पेशींत दाखवलं की तिथे गाबा पेशीला शांत न करता चेतवतं. ब्रेक दाबावा आणि गाडीने वेग घ्यावा, तसा प्रकार. कारण कोवळ्या पेशीत क्लोराईड आधीच ठासून भरलेलं असतं. दार उघडलं की ते आत येण्याऐवजी बाहेर पडतं. क्लोराईड बाहेर उपसणारा केसीसी-२ नावाचा पंप तेव्हा पुरेसा तयार झालेला नसतो. तो पंप वयानुसार वाढतो आणि त्याबरोबर गाबाचा स्वभाव बदलतो, हे हेलसिंकीतल्या संशोधकांनी १९९९ मध्ये उघड केलं. माणसात हा बदल जन्माच्या आगेमागे घडतो असं मानतात. तोवर ग्लुटामेटची बाजू मात्र जोरात असते. बाळाच्या मेंदूत पेशींमधले जोड प्रौढापेक्षा जास्त संख्येने तयार होत असतात, आणि त्यातले बरेचसे कॅल्शियमला आत घेणाऱ्या जातीचे असतात.

हा काही निसर्गाचा ढिसाळपणा नाही. पेशींनी अधूनमधून एकत्र पेटावं, त्यातून कोणते जोड कामाचे ते ठरावं आणि बाकीचे छाटले जावेत, यासाठीच ही रचना आहे. बाळ शिकतं ते याच उतावीळ मेंदूमुळे. त्याची किंमत म्हणून फिटचा धोका आयुष्याच्या पहिल्या वर्षात फार जास्त, आणि मग थेट म्हातारपणी पुन्हा वाढतो.

गाबाची ही गोष्ट ऐकायला इतकी झकास आहे की तिच्यावरून औषधही काढलं गेलं. लघवी वाढवणारं बुमेटानाइड हे जुनं औषध क्लोराईड पेशीत भरणाऱ्या दुसऱ्या पंपाला अडवतं. मग ते बाळांना दिलं तर गाबा पुन्हा ब्रेकसारखं वागेल, असा तर्क. युरोपात नवजात बाळांवर चाचणी झाली. फायदा दिसेना आणि काही बाळांची श्रवणशक्ती बिघडली, म्हणून ती मध्येच थांबवली. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. शिवाय याच सिद्धान्ताप्रमाणे गाबामार्फत काम करणारं फिनोबार्बिटोन, आपल्याकडचं ओळखीचं गार्डिनाल, नवजात बाळांत निरुपयोगी ठरायला हवं. तसं नाही. १९९९ च्या अमेरिकी अभ्यासात त्याने निम्म्याहून थोड्या कमी बाळांच्या फिट थांबल्या. २०२० मध्ये लेव्हेटिरासेटाम या नव्या औषधाशी तुलना केली तेव्हा फिनोबार्बिटोनने ८० टक्के बाळांच्या फिट २४ तास थांबवल्या, नव्या औषधाने २८ टक्के. काचेच्या बशीतली पेशी आणि काचपेटीतलं बाळ यांत अंतर आहे.

नवजात बाळाची फिट दिसतेही वेगळी. मोठ्यांसारखं अंग ताठ होऊन दोन्ही हातपाय झाडणं त्याला सहसा जमतच नाही, कारण मेंदूच्या दोन भागांना जोडणाऱ्या तंतूंवर अजून आवरण चढलेलं नसतं. ओठ चोखल्यासारखे हलतात, पाय सायकल मारल्यासारखे चालतात, डोळे एका बाजूला खिळतात, क्षणभर श्वास थांबतो. बऱ्याच फिट तर फक्त ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या नोंदीच्या, कागदावर दिसतात, अंगावर काहीच नाही. या वयातल्या फिटमागे बहुतेकदा काहीतरी ठोस असतं: जन्मताना प्राणवायू कमी पडणं, रक्तातली साखर किंवा कॅल्शियम घसरणं, जंतुसंसर्ग. साखर तपासायला एक थेंब रक्त पुरतं, आणि ती वेळेवर न तपासल्याने मेंदूच्या मागच्या भागाला इजा झालेली मुलं भारतातल्या बालमेंदूतज्ज्ञांकडे आजही येतात.

आता घराघरांत घडणारी फिट घेऊ. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरात दोन ते पाच मुलांना तापात फिट येते. डोळे फिरतात, दातखीळ बसते, ओठ निळसर पडतात. आईवडिलांना त्या दोन मिनिटांत मूल हातातून गेलं असं वाटतं, आणि तसं वाटण्यात त्यांची काही चूक नाही. पण आकडे दुसरंच सांगतात. अमेरिकेत गरोदरपणापासून हजारो मुलांवर लक्ष ठेवलेल्या एका प्रकल्पात तापात फिट आलेली १७०६ मुलं सापडली. १९७६ च्या त्या अहवालानुसार सात वर्षांच्या वयापर्यंत त्यातल्या दोन टक्क्यांना अपस्मार झाला. आधीपासून निरोगी असलेल्या आणि साधी, थोडा वेळ टिकलेली फिट आलेल्या मुलांत हा आकडा एक टक्क्याच्या आसपासच होता. ब्रिटनमध्ये १९७० च्या एप्रिलमधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांपैकी ३९८ जणांना तापात फिट आल्या होत्या. दहाव्या वर्षी त्यांची बुद्धी, अभ्यास आणि वागणूक तपासली. एकूण पाहता इतर मुलांहून फरक आढळला नाही. म्हणजे जी फिट सगळ्यात भीतिदायक दिसते, तिच्याने मेंदूचं जवळजवळ काहीच बिघडत नाही.

अपवाद लांबलेल्या फिटचा. तापात अर्धा तास किंवा अधिक फिट चाललेल्या मुलांचा अमेरिकेत जो पाठपुरावा झाला, त्यात काही दिवसांच्या आत काढलेल्या एमआरआयमध्ये दहापैकी एकाहून थोड्या जास्त मुलांचा हिप्पोकॅम्पस सुजल्यासारखा दिसला, आणि पुढे त्यातल्या बऱ्याच जणांत तो आक्रसला. ‘लहान मेंदूत पेशी मरत नाहीत’ हे विधान इथे संपतं.

तापातल्या साध्या फिटच्या उलट टोकाला विल्यम जेम्स वेस्ट यांचं मूल आहे. वेस्ट हे इंग्लंडमधल्या केंट परगण्यातले डॉक्टर. १८४१ च्या फेब्रुवारीत ‘लॅन्सेट’ नियतकालिकात त्यांचं पत्र छापून आलं. रुग्ण होता त्यांचाच वर्षाच्या आतला मुलगा. चार महिन्यांचा होईपर्यंत बाळ छान होतं. मग त्याची मान पुढे झुकू लागली, नुसती किंचित. हळूहळू झुकणं वाढलं, एका वेळी ओळीने अनेकदा होऊ लागलं, दिवसात अनेकदा. त्याबरोबर बाळ हसेनासं झालं, त्याचं भोवताली लक्ष राहीना. वेस्ट यांनी तेव्हाचे सगळे उपाय केले: जळवा लावल्या, डोक्यावर थंड पट्ट्या ठेवल्या, अफूसुद्धा देऊन पाहिली. लंडनला जाऊन सर चार्ल्स क्लार्क आणि डॉ. लोकॉक या नामवंतांना दाखवलं. क्लार्क यांनी असली मुलं पाहिली होती. झुकण्याच्या पद्धतीवरून ते या प्रकाराला ‘सलाम’ झटके म्हणत. (लोकॉक यांनी पुढे १८५७ मध्ये अपस्मारावर ब्रोमाइड वापरायला सुरुवात केली, पण या मुलाला त्याचा काय उपयोग?) मुलाची वाढ पुढे झालीच नाही.

आज याला वेस्ट सिंड्रोम म्हणतात. एकेक झटका सेकंदभराचा असतो. बाळ झोपेतून उठताना ओळीने दहा-वीस वेळा हात पसरून मान खाली टाकतं, मध्ये थोडं रडतं, आणि घरातले म्हणतात, “दचकतंय,” किंवा, “पोटात मुरडा येत असेल.” ग्राइप वॉटर दिलं जातं, दृष्ट काढली जाते, आठवडे जातात. ईईजी काढला तर सगळा गोंधळ उघडा पडतो. उंच, बेशिस्त लाटा, ज्यात कुठलीही निरोगी लय शोधून सापडत नाही. अमेरिकेतल्या गिब्ज दांपत्याने १९५२ मध्ये त्याला हिप्सॅरिदमिया असं नाव दिलं. हा गोंधळ झटक्यांपुरता नसतो. दोन झटक्यांच्या मधल्या ‘शांत’ वेळातही तो चालूच असतो. ज्या महिन्यांत मेंदूने आईचा चेहरा, आवाजाची दिशा, हात कसा पोचवायचा हे शिकायचं, त्या महिन्यांत त्याला शिकायला मोकळा क्षणच मिळत नाही.

१९५८ मध्ये बेल्जियममधून एसीटीएच या संप्रेरकाच्या इंजेक्शनांनी झटके थांबतात असं कळलं. आज एसीटीएच, तोंडाने देण्याचं प्रेडनिसोलोन आणि व्हिगाबॅट्रिन हे मुख्य उपाय आहेत. ब्रिटनमधल्या एका चाचणीतल्या बाळांना चार वर्षांची झाल्यावर तपासलं, तेव्हा झटके सुरू झाल्यापासून उपचारापर्यंत किती वेळ गेला याचा ठसा स्पष्ट दिसला. सात दिवसांत, दोन आठवड्यांत, महिन्यात, दोन महिन्यांत आणि त्यानंतर, अशा पायऱ्या होत्या; प्रत्येक पायरीमागे विकासाच्या मोजमापात सुमारे चार गुण कमी.

प्रौढांत असं का होत नाही? कारण प्रौढाची भाषा, चालणं, ओळखी हे सगळं बांधून झालेलं असतं. फिट येते, जाते, आणि माणूस तासाभराने पुन्हा आपल्या भाषेत बोलतो. बाळाचं अजून बांधकाम चालू असतं. लँडाउ आणि क्लेफनर यांनी १९५७ मध्ये वर्णन केलेल्या मुलांची गोष्ट तर आणखी चक्रावणारी आहे. चांगली बोलणारी मुलं बोलायची थांबली, जणू ऐकूच येत नसावं. अंगावर फिट कमी, काहींत नाहीतच; पण ईईजीत भाषेच्या भागात सतत ठिणग्या, आणि अशा मुलांत त्या झोपेत फार वाढतात.

तरीही कोवळ्या मेंदूकडे एक मोठं भांडवल असतं, ते म्हणजे जागा बदलण्याची मुभा. लंडनमध्ये फराने वर्गा-खादेम आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एका मुलाची हकीकत लिहिली. जन्मजात विकाराने त्याच्या मेंदूची डावी बाजू आजारी होती, फिट थांबत नव्हत्या, आणि आठव्या वर्षापर्यंत तो जवळपास काहीच बोलत नव्हता. साडेआठ वर्षांचा असताना डाव्या अर्ध्या मेंदूचं कवच काढून टाकलं. औषधं बंद झाल्यावर, नवव्या वर्षी, तो बोलायला लागला, आणि पुढच्या काही वर्षांत नीट, स्पष्ट वाक्यं बोलू लागला. उजवा भाग भाषा शिकायला समर्थ होता. आजारी डावा भाग त्याला शिकू देत नव्हता. प्रौढाचा डावा अर्धा भाग काढला तर त्याची वाचा परत येण्याची आशा फार थोडी.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे लक्षात ठेवली पाहिजे: प्रत्येक मंद वाढीचा दोष फिटवर टाकता येत नाही. वेस्ट सिंड्रोममागे बहुतेकदा आधीचीच काहीतरी इजा किंवा जनुकीय दोष असतो. ड्राव्हे सिंड्रोममध्ये सोडियमचं दार बनवणारं जनुक बिघडलेलं असतं. त्याने फिटही येतात आणि वाढही मंदावते, फिट पूर्ण थांबल्या तरी. ट्यूबरस स्क्लेरोसिस या आजारात तर फिट सुरू होण्याआधीच, ईईजी बिघडताच, व्हिगाबॅट्रिन देऊन पाहिलं. झटके कमी झाले. पण २०२३ मध्ये आलेल्या अमेरिकी चाचणीत दोन वर्षांच्या वयाला बुद्धीच्या मोजमापात फरक दिसला नाही. फिट थांबवणं गरजेचं आहे, पण सगळं गमावलेलं त्याने परत येईलच असं आश्वासन कुणी देऊ नये.

औषधांनाही हाच वयाचा नियम लागू होतो. तापातली फिट पुन्हा येऊ नये म्हणून वर्षानुवर्षं रोज गार्डिनाल देण्याची पद्धत होती. १९९० मध्ये अमेरिकेत अशा २१७ मुलांचे दोन गट करून पाहिलं: औषध घेणाऱ्यांचा बुद्ध्यांक दोन वर्षांनी आठेक गुणांनी कमी निघाला, आणि फिट काही कमी झाल्या नाहीत. २००२ मध्ये तर नवजात उंदरांत दिसलं की फिनोबार्बिटोन, फेनिटॉइन, व्हॅलप्रोएट अशी अनेक नेहमीची औषधं वाढत्या मेंदूतल्या पेशींना स्वतःहून मरायला लावतात. उंदरावरून बाळाचा निकाल लावू नये, आणि ज्याला अपस्मार आहे त्याने हे वाचून गोळी तर अजिबात बंद करू नये. अचानक बंद केलेली गोळी हे लांबलेल्या फिटचं नेहमीचं कारण आहे. मुद्दा एवढाच की ज्या मुलाला गरज नाही त्याला ‘असू दे, खबरदारी म्हणून’ औषध देणं ही खबरदारी नव्हे.

घरी करायच्या गोष्टी थोड्या आहेत. फिट आली की मुलाला किंवा मोठ्याला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा आणि घड्याळ पाहा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका. कांदा हुंगवून किंवा चप्पल नाकाशी धरून फिट थांबत नाही, ती आपली वेळ झाली की थांबते. पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा फवारा नाकात मारा आणि दवाखान्याकडे निघा. तापात आलेली दोन मिनिटांची फिट थांबल्यावर डॉक्टरांना जरूर दाखवा, विशेषतः मूल नंतर सुस्त राहिलं, मान ताठ वाटली किंवा वय वर्षाच्या आतलं असेल तर; पण त्या मुलाच्या बुद्धीची काळजी करत रात्री जागू नका.

आणि वर्षाच्या आतलं बाळ झोपेतून उठल्यावर ओळीने मान टाकत असेल, हात फेकत असेल, किंवा कालपर्यंत हसणारं बाळ आज टक लावून कुठेतरी बघत असेल, तर मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढा आणि एक-दोन दिवसांत बालमेंदूतज्ज्ञांना दाखवा. “बाळ दचकतंय” असं कुणी म्हणालं, तरी ईईजी करून घ्या.